नगरवृत्तांतकाराची बायको

त्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. नगरपालिकेच्या पाणी खात्यात एकतीस वर्षं त्या घरोघरचे मीटर वाचत हिंडल्या, म्हणून त्या मीटरबाई. खांद्याला कापडी पिशवी आणि तिच्यात टॉर्च, लांब दांड्याचा छोटा आरसा, एक फडकं आणि दोन वह्या. आरसा लागायचा, कारण मीटर बसवणाऱ्यांना वाचणाऱ्याची दयामाया कधीच नव्हती. कुठे जिन्याखाली, कुठे न्हाणीघराच्या मागे, तर कुठे थेट जमिनीत खड्डा करून लोखंडी झाकणाखाली. बाई गुडघ्यावर बसायच्या, झाकण उचलायच्या, कोळ्याची जाळी पुसायच्या आणि आरशात उलटे दिसणारे आकडे मनातल्या मनात सुलटे करून वहीत उतरवायच्या. ती खात्याची वही.

दुसरी वही त्यांची स्वतःची. कोणत्या घराचं दार पुढून मागे गेलं, कोणत्या अंगणातली विहीर बुजवली, कोणत्या भावांनी कधी घर विभागलं आणि एकाचे दोन मीटर केले, छापखान्याच्या तळघरात ओल कधी लागली, सगळं तारीखवार. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारणारही नव्हतं. पण डोळ्यांसमोर गाव बदलत होतं आणि ते कुठेतरी टिपलं पाहिजे असं त्यांना वाटायचं. निवृत्त झाल्या तेव्हा अशा सत्तावीस वह्या कपाटाच्या खालच्या खणात साल लावून उभ्या होत्या.

त्यांचे यजमान शिंपीकाम करायचे. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर तोंडाचे मोकळे. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता त्याच्या पोटातलं काढून घ्यायचे. मात्र साल, तारीख, वार यांच्याशी त्यांचं उभं वैर. “फार मागे” आणि “आपली पोरगी शाळेत जायला लागली त्या सुमारास” एवढीच त्यांची कालगणना. संध्याकाळी बाई घरी आल्या, पाय धुऊन बसल्या, की मास्तर मशीनवर हात ठेवून ते थांबवायचे आणि विचारायचे, “आज काय?” बाई सांगायच्या. आधी पत्ता, मग घर क्रमांक, मग काय घडलं ते. मास्तर ऐकत राहायचे. हा नेम एकतीस वर्षं चुकला नाही.

बाई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली असतील नसतील, तोच नगरपालिकेने एक सूचना काढली. गावासाठी एक ‘मानद नगरवृत्तांतकार’ नेमायचा होता. मुदत दोन वर्षं, मानधन नाही. वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर एक टेबल आणि छातीवर लावायला एक बिल्ला मिळणार होता. काम असं की महिन्याच्या एका शनिवारी दुपारी वाचनालयात गावाच्या एखाद्या भागाचा वृत्तांत लोकांना सांगायचा आणि तो नोंदवहीत लिहून ठेवायचा. पदाचं नाव एका दमात म्हणताना पालिकेच्या शिपायाचीसुद्धा जीभ अडखळायची.

मुलगीच वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन माहेरी आली. “आई, हे पद त्यांनी तुझ्यासाठीच काढलंय. फक्त तुझं नाव छापायचं विसरलेत.”

“काहीतरीच तुझं,” बाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला त्या पालिकेच्या खिडकीशी होत्या. एखादा अर्ज लिहिताना चुकला तर असावा म्हणून त्यांनी दोन अर्ज मागून घेतले.

आठ दिवस त्या अर्ज लिहीत होत्या. सोबत चौदा पानं जोडली. गावाला पहिली जलवाहिनी कधी आली, तिचा व्यास किती, कोणत्या गल्लीचं वळण कोणत्या साली सरळ केलं, कोणत्या चौकाला आधी काय म्हणत. एक खाडाखोड नाही. लिहून झाल्यावर त्यांनी ते मास्तरांपुढे ठेवलं. मास्तरांनी चष्मा पुसून सगळं वाचलं.

“चांगलं झालंय. जरा कोरडं वाटतं.”

“इतिहास कोरडाच बरा. ओल लागली की बुरशी धरते.”

मास्तर हसले. टेबलावरच्या दुसऱ्या कोऱ्या अर्जावर त्यांची नजर गेली. “हा उरलाय तर मी भरू का? आपली गंमत.”

बाई मोठ्याने हसल्या. “भरा की. आज वार कोणता ते आधी सांगा, मग भरा.”

मास्तरांनी वार चुकीचा सांगितला. दोघंही हसली. बाईंनी स्वतःच्या हाताने तो अर्ज त्यांच्याकडे सरकवला. हे हसणं पुढे कितीतरी महिने बाईंना सलत राहणार होतं.

पाच आठवड्यांनी पालिकेचा शिपाई पाकीट घेऊन आला. बाईंचा जुना ओळखीचा, एकाच खात्यात दोघं अर्धं आयुष्य काढलेली. “अभिनंदन बाई! पेढे नकोत, चहा चालेल,” असं म्हणत त्याने पाकीट हातात दिलं. बाईंनी ओले हात पदराला पुसले, पाकीट उघडलं आणि पहिली ओळ वाचली. मग पाकीट उलटं करून त्यावरचं नाव वाचलं. मग पुन्हा पहिली ओळ.

“यजमानांना झालंय होय?” शिपाई ओशाळून म्हणाला. “घरातल्या घरात आलं म्हणजे एकच की.”

“एकच,” बाई म्हणाल्या. शिपायाला त्यांनी चहा दिला. साखर घालायला विसरल्या. तो बिचारा तसाच पिऊन गेला.

मास्तरांना पत्र वाचून आनंद होण्याआधी भीती वाटली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. “अगं, मी नाही म्हणून कळवतो. मला कुठे यातलं काय येतं?”

इथे बाईंनी “कळवा” म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. जिभेच्या टोकाशी तो शब्द आलाही होता. पण स्वाभिमान आडवा आला. “कशाला? गावभर होईल, बायकोला बघवलं नाही म्हणून सोडलं. घ्या तुम्ही. मला काय त्याचं!”

त्या दिवशी त्यांनी कांदा इतका बारीक चिरला की भाजीत तो शोधूनही सापडेना.

दोन दिवस त्यांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी त्या पालिकेत सांस्कृतिक विभागाच्या खोलीत जाऊन बसल्या. तिथली अधिकारी वयाने त्यांच्या मुलीएवढी, बोलायला गोड. तिने खुर्ची दिली, पंखा मोठा केला.

“काकू, तुमचा अर्ज आम्ही खूप बारकाईने वाचला.”

“मग?”

अधिकारी मुलीने फाइल उघडून त्यांच्यासमोर धरली. बाईंच्या अर्जावर समितीचा शेरा होता, ‘माहिती विपुल व अचूक. या नोंदी वाचनालयाने जतन कराव्यात.’ मास्तरांच्या अर्जावर एवढंच, ‘गाव डोळ्यांसमोर उभं राहतं.’

“यांनी किती पानं जोडली होती?”

“एकच. पण ते समितीतल्या आम्ही तिघांनीही पुन्हा पुन्हा वाचलं.”

बाईंनी ते पान हातात घेतलं. मास्तरांचं अक्षर उसवलेल्या शिवणीसारखं, पण गोष्ट पहिल्या ओळीतच त्यांनी ओळखली. गिरणीमागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट. एकट्या माणसाचं घर, आणि मीटर मात्र सहा माणसांचं पाणी दाखवायचा. मीटर वाचणारी बाई गळती शोधायला आत गेली. गळती कुठेच नव्हती. म्हातारा खाली मान घालून म्हणाला, बायको गेल्यापासून दुपारी घर फार गप्प असतं, म्हणून मी स्वयंपाकघरातला नळ तासभर सोडून ठेवतो आणि बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसतो. आत कोणी भांडी घासतंय असं वाटतं. मीटर वाचणाऱ्या बाईने वहीत ‘गळती आढळली नाही’ एवढंच लिहिलं आणि त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नाही.

हे सगळं बाईंनीच मास्तरांना सांगितलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी. आपण जेवलो नव्हतो हे मात्र त्यांच्या लक्षातही नव्हतं.

“ही माझी गोष्ट आहे,” त्या म्हणाल्या.

“हो ना? त्यांनी खाली लिहिलंयही, आमच्या घरातून मिळालेली आहे म्हणून.” मुलगी क्षणभर घुटमळली. “काकू, पद एकच आहे. पण तुमची इच्छा असेल तर ‘मानद सहायक’ असं एक पद आम्हाला निर्माण करता येईल.”

“मानद सहायक म्हणजे बिनपगारी हाताखालची?”

मुलीने फाइलची नाडी बांधायला घेतली.

“ते पद घरी आहे माझ्याकडे,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

बाहेर पडताना त्यांना राग कोणाचा आला होता ते त्यांनाच नीट उमगेना. मास्तरांनी गोष्ट घेतली याचा होताच. पण त्याहून आतली गोष्ट अशी, की ती चौदा पानं लिहिताना त्यांना हा म्हातारा एकदाही आठवला नव्हता. त्यांच्या वहीत त्या घराची नोंद होती, घर क्रमांक, मीटर क्रमांक, ‘गळती आढळली नाही’. सगळं त्यांच्याकडे होतं, आणि नेमकं जे हवं ते मास्तरांच्या हाती लागलं होतं. हे खुपत होतं. कुठे सांगायची सोय नव्हती म्हणून जास्त खुपत होतं.

पहिल्या शनिवारी वाचनालयात साठ खुर्च्या भरल्या. बाई मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या. मास्तर बिल्ला लावून उभे राहिले, सुरुवातीला दोनदा खाकरले, आणि मग गळ्यात माप घ्यायची फीत नाही हे विसरून दोन्ही हातांनी ती चाचपू लागले. लोक हसले, तेही हसले आणि त्यांची गाडी सुरू झाली. मग म्हाताऱ्याची गोष्ट आली. शेवटी मास्तर म्हणाले, “ही मीटर वाचणारी बाई कोण ते मी सांगणार नाही. ती मागे बसली आहे.”

साठ माना एकदम वळल्या. मास्तरांना वाटलं होतं, बायको खूश होईल. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या उभ्या राहिल्या.

“नळ तासभर नसायचा. अडीच ते चार. दीड तास. आणि पेपर नव्हे, तो माणूस शब्दकोडं सोडवायचा.”

मास्तरांनी दोन्ही हात पसरले. “बघा मंडळी, घरी हे रोज असं असतं.”

काय हशा पिकला! टाळ्याही पडल्या. बाईंच्या दुरुस्तीचाही मास्तरांच्या गोष्टीला कशिदाच झाला. जाताना दोघीतिघी बाईंचा हात धरून म्हणाल्या, “तुमची दोघांची जोडी काय छान जमते हो! आधी ठरवलं होतं का?”

पुढच्या महिन्याच्या शनिवारी बाई गेल्या नाहीत. डोकं दुखतं म्हणाल्या. डोकं दुखत नव्हतं, असं म्हणता येणार नाही.

पण घरी बसून सुटका कुठली? रस्त्यावर लोक मास्तरांना थांबवायचे. दुकानात कपडे शिवायला टाकणाऱ्यांपेक्षा ऐकायला येणारे वाढले. दाराची कडी वाजली की बाई उघडायच्या आणि समोरचा विचारायचा, “मास्तर आहेत?” एकतीस वर्षं हेच दार उलटं होतं. त्या बाहेर उभ्या असायच्या आणि अख्खं गाव त्यांना दार उघडायचं. एके दिवशी भाजीच्या दुकानात एक गृहस्थ नम्रपणे म्हणाले, “तुम्ही नगरवृत्तांतकारांच्या मिसेस ना?” बाईंना त्या गृहस्थांचा मीटर क्रमांक पाठ होता. त्यांच्या सासऱ्यांनी तो मीटर चुकवून चोरून नळ जोडला होता, तेही पाठ होतं. त्या नुसत्या “हो” म्हणाल्या. घरी येईपर्यंत तो ‘हो’ त्यांच्या टाचेत काट्यासारखा बोचत राहिला.

चौथ्या कार्यक्रमाच्या आधी मास्तरांनी विचारलं, “अगं, अग्निशमन केंद्रासमोरचा सार्वजनिक नळ कधी काढला? तिथल्या वखारीच्या आगीवर बोलणार आहे मी. त्या नळाचं साल तेवढं बघ ना.”

बाईंनी वही काढली. पान सापडलं. त्यावर साल लिहिलेलं होतं, शाई जरा फिकट झालेली, पण स्वच्छ. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, मान वर केली आणि त्याच्या सहा वर्षं आधीचं साल सांगितलं.

स्वतःचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. मास्तरांनी कापडावर रेघा मारायच्या खडूने ते साल एका कागदावर लिहून घेतलं. बाईंनी वही मिटून जागेवर ठेवली.

त्या शनिवारी त्या कार्यक्रमाला गेल्या. यजमानांची फजिती बघायला गेल्या, हे त्यांनी पुढे कधी नाकारलं नाही. मास्तरांनी त्या सालावर भलामोठा इमला उभा केला होता. वखार पेटली तेव्हा केंद्रासमोरचा नळ काढून टाकून चार वर्षं झाली होती, जवळपास पाण्याचा थेंब नव्हता, नदीपासून माणसांनी रांग लावली आणि हातोहात बादल्या आणल्या. लोक पुढे झुकून ऐकत होते. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक उंच म्हातारा उठला. अग्निशमन दलातून निवृत्त झालेला जवान.

“मास्तर, नळ होता तिथे. पाइप आम्ही त्यालाच जोडला होता. मी जोडला.” त्याने शर्टाची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सुरकुतून चकाकत होती. “हे तिथलं आहे. तुम्ही म्हणता ते खरं, तर मग मी काय खोटं सांगत फिरतो इतकी वर्षं?”

कोणी हसलं नाही. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी हा क्षण चार दिवस मनात घोळवला होता, पण त्यात हा हात नव्हता. मास्तर काय बोलतात याकडे त्यांनी कान लावले. ‘बायकोने सांगितलं’ हे दोन शब्द आता येणार, आणि सत्तावीस वह्यांची किंमत मातीमोल होणार.

“दादा, चूक माझी,” मास्तर हात जोडून म्हणाले. “माझ्या ऐकण्यात चूक झाली. तुमची मी सगळ्यांसमोर माफी मागतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून मास्तर त्या जवानाच्या घरी गेले. दोन तासांनी परत आले, वाचनालयात जाऊन नोंदवहीतली नोंद लाल शाईने दुरुस्त केली, आणि मग मशीनवर येऊन बसले. एका पँटची तळपट्टी मारायची राहिली होती, ती मारू लागले. बाई दाराशी उभ्या राहिल्या. आता बोलतील, मग बोलतील म्हणून वाट पाहिली. मशीन चालत राहिलं.

शेवटी त्यांनाच राहवेना. “तुम्हाला शंका आली नव्हती?”

मास्तरांनी चाक थांबवलं. “आली होती.”

“कशी?”

“साल सांगताना तू नेहमी वहीत बघतेस. त्या दिवशी बोट वहीत होतं आणि बघत होतीस माझ्याकडे.”

“मग तेच साल का सांगितलंत चारचौघांत?”

“वाटलं, मलाच उगाच शंका येतेय. तू आणि साल चुकवशील?” मास्तरांनी सुईतला दोरा नीट केला. “म्हणून स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि तेच सांगितलं.”

ते ओरडले असते तर बाईंनी चार गोष्टी सुनावल्या असत्या. त्या सगळ्या तयार होत्या. पण या बोलण्यापुढे काही चालेना. “भाजलेला माणूस तिथे असेल हे मला माहीत नव्हतं,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“मलाही नव्हतं,” मास्तर म्हणाले. “त्या हाताला आंघोळ करताना अजून साबण झोंबतो म्हणे.”

बाईंनी माफी मागितली नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. दुपारी त्या वही हातात घेऊन त्या जवानाच्या घरी एकट्याच गेल्या, नळ काढल्याची खरी नोंद त्याला दाखवली, आणि ती नोंद दाबून चुकीचं साल सांगणारी बाई आपण, हेही सांगितलं. त्याने वही मिटून त्यांच्या हातात परत दिली. मग म्हणाला, “मास्तरांनी हे नाही सांगितलं मला.”

“नसेल सांगितलं.”

“का केलंत?”

“जळले,” बाई म्हणाल्या. तो शब्द आगवाल्यापुढे तोंडातून गेला आणि दोघंही जरा चपापली.

त्यानंतर साल कधी चुकलं नाही. मास्तरांनी विचारावं आणि बाईंनी वहीत बघून सांगावं. पण पोटातलं दुखणं गेलं, असं कोणी समजू नये. उलट त्यात भर पडली. आधी नुसती मास्तरांच्या बिल्ल्याची असूया होती, आता त्यांच्या चांगुलपणाचीही. माणूस जरा तरी वाईट असावा, म्हणजे त्याच्यावर नीट रागावता येतं. मास्तर तेवढीही सोय ठेवत नव्हते.

दोन वर्षं संपली. पालिकेने पुन्हा सूचना काढली. मास्तर म्हणाले, “पुरे झालं. उभं राहून पाय भरून येतात, आणि माझ्या गोष्टीही संपल्या.”

“तुमच्या?”

“बरं बाई, तुझ्या.”

बाईंनी पुन्हा अर्ज केला. या वेळी मास्तरांसारखं एकच पान लिहावं म्हणून तीन दिवस खटपट केली. ‘एक म्हातारा होता’ असं लिहिलं की पुढे पेन आपोआप घर क्रमांकाकडे वळायचं. शेवटी त्यांनी तीच चौदा पानं पाठवली, मधल्या दोन वर्षांच्या नोंदींचं पंधरावं पान जोडून. बिनपगारी कामाचा गावाचा उत्साह एव्हाना ओसरला होता. अर्ज तीनच आले. त्यातल्या एकाने फक्त स्वतःच्या आजोबांचा पराक्रम लिहिला होता आणि दुसरा सही करायलाच विसरला होता. मीटरबाई नगरवृत्तांतकार झाल्या.

बिल्ला छातीवर लावून त्या पहिल्या शनिवारी उभ्या राहिल्या तेव्हा बावीस माणसं होती. पुढच्या महिन्यात चौदा. मग नऊ. बाई वही उघडायच्या आणि घराघराने पुढे सरकायच्या. कोणी जांभई दिली तर त्यांना दिसायची. मात्र ती नऊ माणसं कागद घेऊन यायची. एकदा एक पन्नाशीचा माणूस आला. आता जिथे मोटारी उभ्या करायची जागा आहे, तिथे त्याचं लहानपणचं घर होतं. घराचा एकही फोटो त्याच्याकडे नव्हता. बाईंनी वही काढून वाचलं, “घर क्रमांक एकशे आठ. नळ दोन, एक अंगणात. मीटरच्या काचेला तडा. अंगणातल्या नळाखाली निळी बादली, तिला कान एकच. दार उघडलं ते लहान मुलाने, आई झोपली आहे म्हणाला.”

तो माणूस म्हणाला, “पुन्हा वाचता का?” बाईंनी पुन्हा वाचलं. त्याने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. त्या दिवशी नऊ माणसांत कोणी जांभई दिली नाही.

मास्तर दर महिन्याच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असायचे. सगळ्यात आधी यायचे, शेवटी उठायचे, आणि बाई वाचत असताना तोंड किंचित उघडं टाकून ऐकायचे. बाई वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर शोधायच्या. ओठ कुठे आवळलेत का, नजर कुठे चुकवतात का, लोक कमी आलेत म्हणून मनातून सुखावलेत का. काही म्हणजे काही सापडायचं नाही. याचीही त्यांना चीड यायची. दोन वर्षं आपण जळून कोळसा झालो, आणि या माणसाला साधी झळ लागू नये?

निळ्या बादलीच्या त्या शनिवारी दोघं घरी चालत निघाली. ऊन अजून भिंतींवर होतं. मास्तर नेहमीसारखे अर्धं पाऊल मागे, बाईंची पिशवी त्यांच्या खांद्याला.

“एक विचारू?” बाई म्हणाल्या. “तुम्हाला कधीच काही वाटलं नाही का हो? माझं बघून?”

“काय वाटायचं?”

“जाऊ दे.”

दहावीस पावलं गेल्यावर मास्तर म्हणाले, “वाटायचं ना. एकतीस वर्षं वाटत होतं.”

बाई थांबल्या.

“मी त्या खोलीत एका खुर्चीवर. खिडकीतून दिसणार काय, तर समोरच्याचं गटार. आणि तू रोज सकाळी पिशवी घेऊन निघायचीस. शंभर घरांची दारं तुला उघडायची. कोणाचं तळघर बघायचीस, कोणाची गच्ची. संध्याकाळी तू आलीस की मी विचारायचो ‘आज काय’. तुला वाटायचं, किती कौतुकाने विचारतात. अगं, मी दिवसभर जळत बसलेलो असायचो. तू सांगायला लागलीस की तेवढ्यापुरतं थंड व्हायचं.”

कित्येक महिन्यांत बाईंना इतकं बरं वाटलं नव्हतं. रस्त्यात उभ्या उभ्या त्यांचा चेहरा खुलला.

“खरं सांगताय?”

“खोटं कशाला सांगू?”

“फार जळायचात?”

“पुष्कळ,” मास्तर म्हणाले. “पावसाळ्यात जरा कमी. तू भिजून यायचीस तेव्हा.”

बाई हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पलीकडून जाणाऱ्या एका बाईने थांबून पाहिलं. मग मीटरबाई म्हणाल्या, “पुन्हा सांगा. पहिल्यापासून.”

मास्तरांनी खांद्यावरची पिशवी सावरली आणि चालता चालता पुन्हा सांगायला घेतलं. आता खिडकीतल्या गटारात एक बेडूक आला. बाई निघाल्या की त्यांच्या चपलांचा आवाज कोपऱ्यापर्यंत कसा ऐकू यायचा आणि मग कसा बंद व्हायचा, तेही आलं. एकदा दुपारी कात्री खाली ठेवून ते उगाचच त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आले होते, तेही. पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला ते कितीतरी चांगलं सांगत होते. ऐकता ऐकता मीटरबाईंच्या पोटात पुन्हा बारीक दुखायला लागलं.